पिचरची केटी

'केटी' हा शब्द मी आयुष्यात दोनदा शिकलो. पहिल्यांदा कॉलेजात. तिथे केटी 'लागते'. म्हणजे विषय राहतो, आणि पुढच्या वर्षी तोच पेपर पुन्हा द्यावा लागतो. (मला एम-थ्रीला लागली होती. घरी अजून सगळ्यांना माहीत नाही.) दुसऱ्यांदा नोकरीत. तिथे केटी 'देतात'. कुणी राजीनामा टाकला, की नोटीस पीरियडमध्ये त्याला एका खोलीत बसवून त्याच्या डोक्यात जे काही आहे ते दुसऱ्याच्या डोक्यात घालायचं. नॉलेज ट्रान्सफर. ही दुसरी केटी नीट झाली नाही तर काय होतं ते आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी रात्री दोन वाजता अनुभवलेलं असतं.

आज लिहायचंय ते मात्र कंपनीबद्दल नाही, सॉफ्टबॉलबद्दल. पण दोन्ही केट्या पुढे लागणार आहेत, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

शुक्रवारी संध्याकाळची हुतात्मा पकडून मी घरी सोलापूरला येतो. भवानी पेठेत आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे, आणि पलीकडे एका बंद पडलेल्या कारखान्याची लांब भिंत. एरवी मागल्या गल्लीतून यंत्रमागाचा खडखडाट चालू असतो, रविवारी सकाळी जरा शांत असतं. त्या शांततेत गेल्या पावसाळ्यापासून एक नवीन आवाज यायला लागला. धप्. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा धप्.

बघितलं तर भिंतीवर खडूनं एक चौकोन काढलेला, आणि आमच्या गल्लीतली एक मुलगी सहा लहान पोरींना चेंडू टाकायला शिकवत होती. हात पूर्ण गोल फिरवून, कमरेजवळून, खालून. पोरी तिला 'अक्का' म्हणतात. (आमच्या भागात घरोघरी तेलुगू, त्यामुळे ताई कमी, अक्काच जास्त.) अक्का कॉलेजच्या संघात पिचर होती. विद्यापीठाच्या संघातून खेळली, राज्य स्पर्धेतलं एक पदक आहे. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. डिग्री झाली आणि खेळ संपला. आता ती युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात बिलं करते, आणि रविवारचे दोन तास या पोरींना देते. फुकट.

तिनं एकदा मला हाक मारली. "दादा, तुम्ही कॉम्प्युटरवाले ना, हे स्लो करून द्या की." मोबाईलवर एका परदेशी पिचरचा व्हिडिओ होता. तिला चेंडू सुटतानाचं मनगट बघायचं होतं, आणि व्हिडिओत ते दिसायच्या आत चेंडू कॅचरच्या हातात. मी तो संथ करून दिला. तिनं तो तुकडा दहा-बारा वेळा बघितला आणि म्हणाली, "चार वर्षं मी हे चुकीचं करत होते. कुणी सांगितलंच नाही."

मंडळी, ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय.

आता ज्यांनी सॉफ्टबॉल फक्त शाळेच्या मैदानावर लांबून पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं. नावात 'सॉफ्ट' आहे, पण चेंडूत काही सॉफ्ट नाही. घेर १२ इंच, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा बराच मोठा. पिचर आणि बॅट धरून उभी असलेली मुलगी यांच्यातलं अंतर ४३ फूट. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची, हे लक्षात घ्या. चांगली पिचर ताशी शंभर किलोमीटरच्या वर चेंडू टाकते. गणित केलंत तर बॅटरच्या हातात साधारण चार दशांश सेकंद उरतात. त्यातच चेंडू बघायचा, ठरवायचं आणि बॅट फिरवायची.

आणि प्रत्येक चेंडू एकच मुलगी टाकते. षटक संपलं की दुसरी, अशी सोय नाही. बदली पिचर आणता येते, पण आपल्याकडे कॉलेजच्या संघात दुसरी धड पिचर असतेच कुठे? म्हणून सातही इनिंग तीच. सकाळी एक सामना, दुपारी दुसरा, तरी तीच.

तिच्या हाती असतात त्या तीन-चार गोष्टी. खाली पडणारा ड्रॉप, हात तितकाच जोरात फिरवून हळू सोडलेला चेंज-अप, आणि सगळ्यात अवघड तो राइज. राइजमध्ये चेंडूला उलटी फिरकी द्यायची. भौतिकशास्त्र म्हणतं, चेंडू खरं म्हणजे वर चढत नाही, अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो. पण बॅटरला तो वर उसळल्यासारखा वाटतो आणि तिची बॅट त्याच्या खालून जाते. हे सगळं ठरतं ते चेंडू हातातून सुटतानाच्या क्षणात. बोटं शिवणीवर कुठे आहेत, मनगट कुठल्या बाजूला वळलंय, नितंब किती उघडलाय. ज्यानं स्वतः हजारो चेंडू टाकलेत त्याला हे लांबून, नुसत्या हाताच्या फिरण्यावरून कळतं. पुस्तकात वाचून कळत नाही. व्हिडिओ बघून अर्धंच कळतं, आणि ते अर्धंसुद्धा कळायला अक्काला चार वर्षं उशीर झाला.

दुसरं म्हणजे खांदा. खालून टाकलेल्या चेंडूनं हाताला काही होत नाही, हा फार जुना समज आहे. प्रयोगशाळांमध्ये मोजमापं झाली तेव्हा निघालं, की या गोल फिरणाऱ्या हातात खांद्यावर आणि दंडाच्या पुढच्या स्नायूवर, बायसेप्सवर, चांगलाच ताण येतो. अक्काचा खांदा तिसऱ्या वर्षाला दुखायला लागला. तिला सांगितलं गेलं, बर्फ लाव आणि टाक. दिवसाला किती चेंडू टाकतेस, हे विचारणारं कुणी नव्हतं. आता ती पोरींचे चेंडू मोजते. भिंतीवर खडूच्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या. पोरगी दमली नसली तरी ठरलेल्या रेघा झाल्या की बास. पोरी कुरकुरतात. अक्का ऐकत नाही.

हाताची गोष्ट निघाली की २००८ चं बीजिंग ऑलिंपिक आठवावंच लागतं. जपानच्या युकिको उएनोनं २० ऑगस्टला एकाच दिवसात दोन सामने टाकले, दोन्ही जादा इनिंगपर्यंत गेलेले. चेंडू ३१८. दुसऱ्या दिवशी अमेरिकेविरुद्ध अंतिम सामना, त्यात आणखी ९५. एकूण ४१३, आणि गळ्यात सोनं. जपानमध्ये तो आकडाच प्रसिद्ध झाला. मला कौतुक आहेच, पण अक्काच्या रेघा बघितल्यापासून तो आकडा वाचून पोटात गोळाही येतो.

त्या अंतिम सामन्यात अमेरिकेकडून सुरुवातीला चेंडू टाकत होती कॅट ओस्टरमन. हिची गोष्ट मला आज सांगायचीच आहे.

ओस्टरमन डावखुरी. टेक्सास विद्यापीठाच्या संघातून २००२ ते २००६ खेळली, मधलं २००४ चं वर्ष ऑलिंपिकसाठी सोडून. कॉलेजच्या कारकिर्दीत तिनं २,२६५ जणींना स्ट्राइक-आउट केलं. सात इनिंगच्या सामन्यात २१ जणींना बाद करायचं असतं, त्यातल्या सरासरी १४ हून जास्त हिनं एकटीनं. म्हणजे मागे उभ्या असलेल्या आठ जणींना फारसं कामच नाही. २००४ ला अथेन्समध्ये सुवर्ण, २००८ ला रौप्य. आणि मग सॉफ्टबॉल ऑलिंपिकमधून बाहेरच काढला गेला.

इथे आपल्याकडे गोष्ट संपली असती. तिथे संपली नाही, कारण तिला दुसरं काम होतं. ती कॉलेजच्या संघांना शिकवायला लागली. २०१५ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा टेक्सास स्टेट विद्यापीठात सहायक प्रशिक्षक होती. पुढे टोकियोसाठी सॉफ्टबॉल ऑलिंपिकमध्ये परत आला, तशी २०१८ मध्ये तीही परत आली. २०२१ च्या जुलैत, कोविडमुळे वर्षभर लांबलेल्या त्या ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात पुन्हा एका बाजूला ३८ वर्षांची ओस्टरमन आणि दुसऱ्या बाजूला ३९ वर्षांची उएनो. तेरा वर्षांनी. जपाननं २-० असं जिंकलं.

मला यातलं पदक फार महत्त्वाचं वाटत नाही. महत्त्वाचं हे, की मधल्या वर्षांत तिच्या मनगटात जे होतं ते घरी बसून गंजलं नाही. एका विद्यापीठानं ते पगार देऊन वापरलं.

अशीच लिसा फर्नांडिस. ती स्वतः सांगते, की आठ वर्षांची असताना पहिल्याच सामन्यात तिनं वीस जणींना चेंडू मारले, वीस जणींना फुकट बेस दिला, आणि संघ २८-० असा हरला. पुढे एका शिक्षकानं तिला सांगितलं, की तुझ्या शरीराची ठेवण पिचरची नाही. तिनं ऐकलं नाही. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए कॉलेजकडून चार वर्षांत ९३ सामने जिंकले, ७ हरले. १९९६, २००० आणि २००४ अशी ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं. आणि मग ती त्याच कॉलेजात शिकवायला गेली. ज्या मैदानावर टाकलं, त्याच मैदानावर. २०१० आणि २०१९ मध्ये यूसीएलएनं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं तेव्हा ती तिथे सहायक प्रशिक्षक होती.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं काय सांगतोस, तिथे पैसा आहे. आहे. पण मुलींच्या खेळाला तो पहिल्यापासून नव्हता. १९७२ मध्ये तिथे कायदा झाला, की सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही. त्याच्या रेट्यानं कॉलेजांना मुलींचे संघ उभे करावे लागले, संघाला प्रशिक्षक लागले, आणि जुन्या खेळाडूंना नोकऱ्या निघाल्या. कॉलेजच्या राष्ट्रीय संघटनेची मुलींची सॉफ्टबॉल स्पर्धा सुरू झाली ती १९८२ मध्ये. पैसा आपोआप आला नाही. आधी नियम आला.

आणि अमेरिका नको असेल तर आपल्याकडचं क्रिकेट घ्या. पारस म्हांब्रे. मध्यमगती गोलंदाज, १९९६ च्या इंग्लंड दौऱ्यात दोन कसोटी खेळला, पुढे संघात टिकला नाही. पण नंतर रणजी संघांना शिकवलं, एकोणीस वर्षांखालच्या पोरांना शिकवलं, आणि जून २०२४ मध्ये बार्बाडोसला आपण टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकला तेव्हा भारताचा गोलंदाजी प्रशिक्षक तोच होता. अमोल मुजुमदारच्या नावावर प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, भारताची टोपी एकदाही नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक उचलला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तो. आणि रमाकांत आचरेकर सर तर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळलेले. म्हणजे खेळाडू म्हणून संपलेल्या माणसाच्या आत जे उरतं ते किती मोलाचं असतं, हे आपल्याला चांगलं कळतं. फक्त क्रिकेटपुरतं कळतं.

सॉफ्टबॉलमध्ये आपण काय केलं? प्रमाणपत्र दिलं.

मी प्रमाणपत्राच्या विरोधात नाही, गैरसमज नको. महाराष्ट्र सरकारनं ३० एप्रिल २००५ च्या निर्णयानं सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण ठेवलं, १ जुलै २०१६ ला त्याचे नियम सुधारले. त्या पाच टक्क्यांमुळे किती घरांत पहिली सरकारी नोकरी आली असेल. आमच्या पेठेतल्या आईबापांनी मुलीला अर्ध्या चड्डीत मैदानावर जाऊ दिलं, त्यात त्या कागदाचा वाटा मोठा आहे. पण त्या कागदाचा परिणाम असाही झाला, की खेळ हा कागदापर्यंत जायचा रस्ता झाला. कागद मिळाला की रस्ता संपला. (मग काहींना वाटलं, रस्ता न चालताच कागद मिळत असेल तर बरं. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं आपल्याकडे किती गाजली ते पेपरात वाचलं असेलच.)

अक्कानंही दोन-तीन ठिकाणी अर्ज केलेत. परवा मी सहज विचारलं, कुठवर आलं? तर म्हणाली, "दादा, नोकरी लागली तर बदली होऊन शिकवणं बंद. नाही लागली तर घरचे लग्न करून देतील, मग पण बंद. मधे आहे तेवढ्यात शिकवून घेते."

नोटीस पीरियड चालू आहे हो तिचा. आणि केटी घ्यायला समोर कुणी नाही, सहा पोरी सोडल्या तर.

माझं म्हणणं एवढंच आहे. कॉलेजच्या संघातली पिचर डिग्री घेऊन बाहेर पडते तेव्हा एका माणसाच्या डोक्यातली, खरं तर मनगटातली, सगळी माहिती घेऊन ती निघून जाते. पुढच्या वर्षीची मुलगी पुन्हा शून्यापासून सुरू करते. तीच चूक, तोच दुखरा खांदा, तेच "कुणी सांगितलंच नाही". कंपनीतली केटी कुणी घेतली नाही म्हणून कॉलेजातली केटी लागते. दर वर्षी तोच पेपर, आणि आपण दर वर्षी त्यातच नापास.

उपाय फार खर्चिक नाही, आणि तो आपल्याला माहीत असलेलाच आहे. आपल्याकडे कॉलेजांत प्राध्यापक तासिका तत्त्वावर घेतात. (त्यांचे हाल वेगळे, त्यावर पुन्हा कधीतरी.) बहुतेक कॉलेजांत शारीरिक शिक्षणाचा संचालक एकच असतो. त्या एका माणसानं कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स, बुद्धिबळ आणि सॉफ्टबॉल, सगळंच शिकवायचं, वर परीक्षेचं सुपरव्हिजन. त्याला राइजचं मनगट माहीत नसलं तर तो त्याचा दोष नाही. मग ज्या कॉलेजचा सॉफ्टबॉल संघ आहे त्यानं आपल्याच एका माजी पिचरला तासिका तत्त्वावर का घेऊ नये? आठवड्याला चार तास, सहा महिने. शंभर-सव्वाशे तास होतात. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकांसाठी सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो. तसं काही शिक्षण घ्यायचं असेल तर त्याची अर्धी फी कॉलेजनं द्यावी. आमचं विद्यापीठ २००४ मध्ये एका जिल्ह्यापुरतं निघालं. एवढ्या छोट्या आवारात हे करून बघायला कुणाची अडचण आहे? जमलं तर बाकीचे बघून करतील.

यावर एक आक्षेप मला मान्य आहे. चांगला खेळाडू चांगला शिक्षक असेलच असं नाही. उलट बऱ्याचदा नसतो. ज्याला आपोआप जमलं त्याला समोरच्याला का जमत नाही हे कळत नाही. पण म्हणूनच मला अक्कासारख्या मुली जास्त लायक वाटतात. तिला आपोआप काही जमलेलं नाही. आपण कुठे चुकलो हे तिला तारखेनिशी माहीत आहे.

दुसरा आक्षेप, सॉफ्टबॉल बघतंय कोण? खरंय, फार कुणी बघत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही तो नव्हता, आता २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये परत येतोय. पण अक्काच्या पोरी ऑलिंपिकसाठी येत नाहीत. रविवारचे ते दोन तास घरातून बाहेर पडायला मिळतं, जोरात काहीतरी फेकायला मिळतं, म्हणून येतात. त्यासाठी सहा-सात महिने एका जाणत्या मुलीला चार पैसे देणं म्हणजे उधळपट्टी नव्हे.

अक्काची आई दारात बसून विड्या वळते. शेजारी बसून बघता बघता अक्कालाही लहानपणीच वळायला यायला लागलं, कुणी वेगळं शिकवलं नाही. ते कसब एका पिढीकडून दुसरीकडे गेलं, कारण दोघी शेजारी बसलेल्या होत्या. ज्या कामातून पोरीनं सुटावं असं त्या आईला वाटतं, ते इतकं सहज पोचलं. आणि जे पोरीनं स्वतःच्या हौसेनं मिळवलं, ते पोचवायला शेजारी कुणी बसायलाच नाही.

असो. गेल्या रविवारी मी चहा घेऊन मागे उभा होतो. सहा जणींतली सगळ्यात मोठी, असेल तेरा-चौदाची, सगळ्यात लहानीला चेंडू कसा धरायचा ते दाखवत होती. बोटं धरून, शिवणीवर ठेवून. "असं नको गं, खांदा दुखतंय मग." अक्का लांब उभी राहून बघत होती. मधे बोलली नाही.

वाचणाऱ्यांत कुणी कॉलेजात पिचिंग केलेल्या मुली असतील, आता बायका असतील, तर एक विनंती. कॉलेज बोलावेल तेव्हा बोलावेल. तोवर एखाद्या रविवारी जवळच्या मैदानावर जा. एक तास पुरे. आणि जाताना खडू घेऊन जा, रेघा मारायला.